अल्पशक्ती हौशी रेडिओ आणि छंदमंडळांची नियतकालिके : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पाच वॅट किंवा त्याहून कमी शक्तीच्या, बहुधा स्वतःच्या हातांनी जुळविलेल्या ट्रान्समीटरवरून संदेशवहन करण्याचा छंद जगभर 'क्यूआरपी' या संज्ञेने ओळखला जातो. या छंदाभोवती वाढलेली छोटी मंडळे आणि त्यांची नियतकालिके हा तंत्रज्ञानाच्या लोकप्रसाराचा एक दुर्लक्षित पण महत्त्वाचा प्रवाह आहे. प्रस्तुत लेखात या छंदामागील विज्ञान, त्याचा आनंद, नियतकालिकांचे कार्य आणि सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने त्याचे औचित्य यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : हौशी रेडिओ, अल्पशक्ती संदेशवहन, छंदमंडळ, नियतकालिक, आयनांबर, पूरस्थिती.

१. प्रस्तावना

मोबाईल दूरध्वनी प्रत्येकाच्या खिशात आल्यानंतर बिनतारी संदेशवहनाचे कुतूहल संपले, असा सर्वसाधारण समज आहे. बटण दाबले की हजारो मैलांवरील माणूस बोलू लागतो. त्यात नवल वाटावे असे काही उरलेले नाही. तथापि ज्या यंत्रणेमुळे हे शक्य होते ती वापरणाऱ्याच्या दृष्टीआड असते. मनोरे, तंतू, विजेचा अखंड पुरवठा आणि कंपन्यांचे जाळे यांपैकी एक दुवा निखळला तरी हातातील यंत्र निरुपयोगी ठरते. कृष्णाकाठच्या जनतेला याचा अनुभव २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आलेला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५७ फुटांच्या पुढे गेली. अशा वेळी वीज जाते, आणि विजेपाठोपाठ संपर्कही जातो.

मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारा, तळहातावर मावणारा आणि तरीही शेकडो किलोमीटरपर्यंत पोहोचणारा ट्रान्समीटर ही कल्पना या पार्श्वभूमीवर केवळ करमणुकीची राहत नाही. मात्र अल्पशक्ती हौशी रेडिओ हा मुळात आपत्कालीन सेवा म्हणून जन्मलेला नाही. तो आनंदासाठी जोपासलेला छंद आहे आणि त्याची उपयुक्तता ही त्या आनंदाची उपज आहे. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय या विषयाचे यथार्थ आकलन होत नाही.

२. संकल्पना आणि व्याप्ती

हौशी रेडिओ म्हणजे आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, स्वयंशिक्षण, परस्परसंवाद आणि तांत्रिक प्रयोग यांसाठी परवानाधारक व्यक्तींनी चालविलेली बिनतारी सेवा होय. अशा व्यक्तीस 'हॅम' असे म्हणतात. प्रत्येकास स्वतंत्र संकेतनाम मिळते. भारतातील संकेतनामे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात आणि ही पद्धत १९२९ पासून रूढ आहे.

तारायंत्राच्या काळात वेळ वाचविण्यासाठी 'क्यू' अक्षराने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत तयार झाले. त्यांतील 'क्यूआरपी' या संकेताचा अर्थ 'शक्ती कमी करा' असा आहे. पुढे हाच संकेत कमी शक्तीवर काम करण्याच्या छंदाचे नाव बनला. सर्वमान्य संकेतानुसार मॉर्स लिपीसाठी ५ वॅट आणि ध्वनिसंभाषणासाठी शिखरमूल्याने १० वॅट ही त्याची मर्यादा होय. एक वॅटपेक्षाही कमी शक्तीवर समाधान मानणाऱ्यांचा एक उपपंथही आहे.

पाच वॅट म्हणजे किती? घरातील रात्रीचा मंद दिवा साधारण तेवढीच वीज घेतो. नभोवाणी केंद्रांच्या ट्रान्समीटरची शक्ती किलोवॅटमध्ये मोजतात. त्या तुलनेत हा प्रकार समईच्या ज्योतीने दुसऱ्या गावाला खूण करण्यासारखा वाटतो. परंतु ती खूण पोहोचते, आणि का पोहोचते हे समजून घेण्यातच या छंदाची पहिली गोडी आहे.

३. शक्तीचे गणित

मानवी कान आणि रिसीव्हर दोघेही शक्तीतील फरक गुणोत्तराने जोखतात. म्हणून संदेशवहनशास्त्रात शक्तीची तुलना डेसिबल या लघुगणकीय एककात करतात. १०० वॅट ही बाजारातील तयार संचाची सर्वसाधारण शक्ती मानली, तर ५ वॅट हा तिचा विसावा भाग होय. डेसिबलमध्ये हा फरक केवळ १३ भरतो. रिसीव्हरवरील सिग्नलमापकाची एक पायरी ६ डेसिबलची मानतात. म्हणजे शक्ती वीसपटींनी घटविली, तरी ऐकणाऱ्याच्या मापकावरील काटा जेमतेम दोन पायऱ्या खाली येतो. जो संदेश नऊ या पायरीवर ठणठणीत ऐकू येत होता तो सातवर येतो, आणि सातवरचा संदेशही सहज वाचता येतो.

दुसरा मुद्दा पट्टारुंदीचा आहे. मानवी आवाज वाहून नेण्यास सुमारे २,५०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. मॉर्सच्या कट्ट-कडकटला २५० हर्ट्झची गाळणी पुरेशी होते. पट्टा दहापट अरुंद झाला की त्यातून आत येणारा गोंगाटही दशमांश होतो. हा लाभ १० डेसिबलचा आहे. ढोबळमानाने पाहता, ५ वॅटचा मॉर्स संदेश हा ५० वॅटच्या ध्वनिसंदेशाइतका गोंगाटाशी टक्कर देऊ शकतो. संगणकीय पद्धतींनी ही मर्यादा आणखी पुढे नेली. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे जोसेफ टेलर हे स्वतः हॅम आहेत. दुर्बल संदेशांसाठी त्यांनी २००८ मध्ये 'विस्पर' ही पद्धत प्रसृत केली, तर स्टीव्ह फ्रँक यांच्या सहकार्याने २०१७ मध्ये 'एफटी८' ही पद्धत आणली. विस्परवर पाव वॅटहूनही कमी शक्तीचे संदेश खंडांपलीकडे नोंदले जातात.

तिसरा मुद्दा अँटेनाचा. शक्ती वाढविणे पैशाने साध्य होते, अँटेना सुधारणे मात्र विचाराने साध्य होते. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी अर्धतरंगी डायपोल बांधायचा असल्यास १४३ ला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागावे, ७.०५ मेगाहर्ट्झसाठी उत्तर २०.३ मीटर येते. म्हणजे मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दहा-दहा मीटर तांब्याची तार. एवढी तार आणि दोन बांबू हा खर्च कोणत्याही महाविद्यालयास न परवडण्यासारखा नाही. दक्षता एवढीच, की ही तार विजेच्या वाहिन्यांपासून दूर असावी आणि वळवाच्या पावसात ती संचापासून सोडवून ठेवावी.

४. सातारा-सांगलीचा भूगोल आणि लहरींचा मार्ग

सातारा आणि सांगली यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग, तिला फुटलेले डोंगरांचे फाटे, त्यांमधील जावळी, पाटण आणि कोयनेची खोरी, पूर्वेस माणदेश आणि जतचा माळ असा हा प्रदेश आहे. अतिउच्च कंप्रतेच्या लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ जातात, त्यामुळे मधे डोंगर आला की त्या अडतात. महाबळेश्वर, अजिंक्यतारा किंवा मिरजेजवळचा दंडोबा अशा उंचवट्यांवरून त्या दूरवर पोहोचतील; परंतु पाटण खोऱ्याच्या तळाशी असलेल्या गावाला त्यांचा उपयोग मर्यादित आहे.

लघुतरंगांचे वर्तन निराळे आहे. भूपृष्ठापासून सुमारे ३०० किलोमीटरवर असलेला आयनांबराचा थर या लहरी परतवितो. डायपोल जमिनीपासून चार ते सहा मीटर एवढ्या कमी उंचीवर बांधला, तर त्यातून निघणारी ऊर्जा बहुतांशी माथ्याकडे जाते. साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या लहरीने आकाशाकडे सुमारे ८० अंशांच्या कोनात झेप घ्यावी आणि मध्यावरील थरावरून परतून तितक्याच तीव्र कोनात खाली उतरावे, असा हा मार्ग आहे. कारंजाचे पाणी वर जाऊन सभोवार पडावे तशी ही लहर आसपासच्या शेकडो किलोमीटर परिसरावर उतरते. वाटेत यवतेश्वर आहे की सागरेश्वर, याचे तिला सोयरसुतक नसते. दिवसा ७ मेगाहर्ट्झवर हा मार्ग आपल्या अक्षांशांवर बहुधा उपलब्ध असतो. रात्री थराची घनता घटली की जवळचे केंद्र ऐकू येईनासे होते आणि दूरचे ऐकू येऊ लागते; तेव्हा जवळच्या संपर्कासाठी ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळावे लागते.

कोणत्या प्रहरी कोण ऐकू येईल, हे अशा रीतीने सूर्य ठरवितो. सौरडागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रानुसार हा खेळ बदलत राहतो. अल्पशक्तीवर काम करणाऱ्याला निसर्गावर मात करता येत नाही, त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. पेरणीसाठी वाफसा पाहणाऱ्या शेतकऱ्याचे आणि त्याचे नाते या बाबतीत जवळचे आहे.

५. भारतीय पार्श्वभूमी

भारतातील पहिले हॅम म्हणून अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचा उल्लेख केला जातो. त्यांना १९२१ मध्ये परवाना मिळाला. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले आणि संच सरकारजमा करण्याचे आदेश निघाले. परंतु यंत्रे जप्त करता आली तरी ज्ञान जप्त करता येत नाही. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून 'काँग्रेस रेडिओ' हे भूमिगत केंद्र सुरू झाले. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत, जागा बदलत बदलत, ते चालविले. त्याच्या ट्रान्समीटरच्या उभारणीत हौशी बिनतारीचा अनुभव असलेल्या नरिमन प्रिंटर यांचे तांत्रिक साहाय्य होते. याच चळवळीच्या पर्वात तत्कालीन सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहत होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू येथे देशव्यापी हौशी रेडिओ संघटनेची पायाभरणी झाली. तीच पुढे अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया म्हणून ओळखली जाऊ लागली. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी परीक्षा, श्रेणी आणि शक्तिमर्यादा यांची चौकट आखली. त्यातील नंतरच्या सुधारणांनुसार मर्यादित श्रेणीच्या परवानाधारकास ५० वॅटपर्यंत मुभा मिळाली आणि त्या श्रेणीसाठी मॉर्सची अट राहिली नाही. किमान वयोमर्यादा बारा वर्षे असल्याने शाळकरी मुलांनाही हे दार उघडे झाले. दूरसंचार अधिनियम २०२३ नंतर नियमांची फेररचना हाती घेतली गेल्याने इच्छुकांनी प्रचलित तरतुदी पाहूनच पुढे जावे. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, हे मात्र निःसंदिग्ध आहे.

आपत्तीच्या वेळी या छंदाची कसोटी लागलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप, २६ जानेवारी २००१ चा भूज येथील भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या प्रसंगी हॅम मंडळींनी संपर्कसेवा दिली. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हौशी रेडिओच्याच मोहिमेसाठी अंदमानात होत्या. तेथून त्यांनी चालविलेले केंद्र बाह्य जगाशी संपर्काचा महत्त्वाचा दुवा ठरले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप अनुभवलेल्या जिल्ह्याला या उदाहरणांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

६. छंदमंडळांची नियतकालिके : स्वरूप आणि कार्य

अल्पशक्तीचा छंद एकट्याने करावयाचा असला, तरी तो एकट्याने शिकता येत नाही. ही उणीव मंडळांच्या नियतकालिकांनी भरून काढली. अमेरिकेत १९६१ मध्ये 'क्यूआरपी अमॅच्युअर रेडिओ क्लब इंटरनॅशनल' या मंडळाची स्थापना झाली. त्या वेळी त्याची मर्यादा १०० वॅट होती, हे आज वाचून गंमत वाटते. पुढे ती ५ वॅटवर आली. त्याचे मुखपत्र 'क्यूआरपी क्वार्टर्ली' या नावाने ओळखले गेले. या मंडळाचे एक मानपत्र दर वॅटमागे हजार मैलांचे अंतर गाठणाऱ्यास मिळत असे. सातारा ते दिल्ली हे सुमारे १,२५० किलोमीटरचे अंतर ५ वॅटवर पार केल्यास वॅटमागे केवळ २५० किलोमीटर होतात. तेच अर्ध्या वॅटवर साधल्यास २,५०० होतात आणि मानपत्राची सुमारे १,६०९ किलोमीटरची अट सहज पूर्ण होते. शक्ती कमी केल्याने यश मोठे ठरावे, असा हा उलटा हिशेब आहे.

इंग्लंडमध्ये १९७४ मध्ये रेव्हरंड जॉर्ज डॉब्स या धर्मोपदेशकाने 'जी-क्यूआरपी क्लब' स्थापन केला आणि 'स्प्रॅट' हे त्रैमासिक सुरू केले. स्प्रॅट हे एका लहान माशाचेही नाव आहे. छोट्या शक्तीच्या छंदास साजेसे असे हे श्लेषयुक्त नामकरण होय. २०१९ मध्ये डॉब्स यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्यातील कित्येक दशके या त्रैमासिकाच्या संपादनात गेली होती.

अशा नियतकालिकाचा अंक हातात घेतल्यास प्रथम नजरेत भरतो तो त्याचा साधेपणा. लहान आकार, मोजकी पाने, रेखाटलेल्या मंडलाकृती, घटकांची यादी आणि वेटोळ्यांच्या फेऱ्यांची संख्या. लेख बहुधा एका-दोन पानांचा असतो. लेखक आपण काय केले हे सांगतो, का चालले नाही हेही सांगतो, आणि वाचकास पुढे प्रयोग करण्यास मोकळे सोडतो. पुढील अंकात कोणीतरी कळवितो, की अमुक रोधकाचे मूल्य बदलले असता आवाज स्वच्छ झाला. अंकाची वाट पाहणे हाही या आनंदाचा एक भाग असे. तीन महिन्यांच्या अंतराने येणारा अंक वाचकाला मधल्या काळात प्रत्यक्ष काम करावयास लावी.

ज्ञानव्यवहाराच्या दृष्टीने येथे एक लक्षणीय बाब आढळते. संशोधनपत्रिकेतील लेखाची समीक्षा प्रकाशनापूर्वी दोन-तीन तज्ज्ञ करतात. छंदमंडळाच्या नियतकालिकातील लेखाची समीक्षा प्रकाशनानंतर शेकडो वाचक करतात आणि तीही सोल्डरिंगची इस्त्री हातात घेऊन. मंडल जुळविले आणि ते चालले नाही, तर लेखकाची पदवी त्याला वाचवू शकत नाही. पुनर्निर्मिती ही विज्ञानाची मूळ कसोटी येथे स्वयंपाकघराच्या टेबलावर पार पडते.

७. एका मंडलाचा प्रवास

या प्रक्रियेचे उत्तम उदाहरण म्हणजे 'पिक्सी' हा चिमुकला संच. १९८३ मध्ये स्कॉटलंडमधील एका हॅमने 'फॉक्स' नावाचे मंडल स्प्रॅटमध्ये प्रसिद्ध केले. त्याची युक्ती अशी की, प्रक्षेपणाच्या वेळी शक्तिवर्धकाचे काम करणारा ट्रान्झिस्टरच ग्रहणाच्या वेळी मिश्रकाचे काम करतो. एकाच गड्याने नांगरही धरावा आणि मोटही हाकावी, तसा हा प्रकार. १९९२ च्या सुमारास एका रशियन हॅमने ही कल्पना आणखी सुटसुटीत करून 'मायक्रो-८०' रचला. १९९० च्या दशकाच्या मध्यास ती कल्पना कॅलिफोर्नियातील 'नॉरकॅल' मंडळाकडे पोहोचली आणि तिला पिक्सी हे नाव मिळाले. एक स्फटिक दोलक, एक दुहेरी कामाचा ट्रान्झिस्टर आणि एक ध्वनिवर्धक चकती एवढ्यावर अर्ध्या वॅटच्या आसपास शक्तीचा संपूर्ण संच उभा राहतो. तीन देश, दोन भाषिक परिसर आणि सुमारे बारा वर्षे. या प्रवासात ना पेटंट होते, ना अनुदान. होती ती केवळ टपालाने फिरणारी छोटी नियतकालिके.

याच नॉरकॅल मंडळासाठी वेन बर्डिक यांनी 'नॉरकॅल-४०' हा ७ मेगाहर्ट्झचा संच रचला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक डेव्हिड रटलेज यांनी त्याच्या सुधारित आवृत्तीच्या आधारे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम आखला आणि १९९९ मध्ये 'द इलेक्ट्रॉनिक्स ऑफ रेडिओ' हे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. विद्यार्थी सत्रभर एकच संच टप्प्याटप्प्याने जुळवितो आणि गाळणी, दोलक, मिश्रक, वर्धक, अँटेना हे विषय त्या ओघात शिकतो. छंदमंडळाचे काम नामांकित शिक्षणसंस्थेच्या वर्गात गेल्याचा हा दाखला अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे.

८. भारतीय प्रतिसाद : 'बिटएक्स'

परदेशी मंडले भारतात जुळविताना मुख्य अडचण घटकांची असे. विशिष्ट फेराइट कडी, विशिष्ट स्फटिक येथे मिळत नसत. हैदराबादचे अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास 'बिटएक्स-२०' हा १४ मेगाहर्ट्झवरील सुमारे ६ वॅटचा ध्वनिसंभाषणाचा संच रचताना हीच अडचण मध्यवर्ती मानली. नेहमीच्या दुकानात मिळणारे स्वस्त ट्रान्झिस्टर, दूरचित्रवाणी संचातील घटक आणि वेटोळी गुंडाळण्यासाठी नळाचे वॉशर, अशी त्यांची सामग्री होती. वर्धकाचे टप्पे दोन्ही दिशांनी काम करतील अशी रचना केल्याने प्रक्षेपण आणि ग्रहण यांसाठी तेच घटक वापरता आले. आराखडा सर्वांना खुला ठेवण्यात आला. पुढे बिटएक्स-४० आणि मायक्रोबिटएक्स हे संच आले. हैदराबादेत महिलांच्या गटाने जुळविलेले हे संच जगभर गेले. परिस्थितीच्या मर्यादेतून निघालेली रचना ही कमअस्सल नक्कल नसते, ती स्वतंत्र प्रतिभेची निर्मिती असू शकते, हे या उदाहरणाने सिद्ध केले.

भारतीय अवकाश संशोधन संघटनेने ५ मे २००५ रोजी सोडलेला 'हॅमसॅट' हा सुमारे ४२.५ किलोग्रॅमचा उपग्रहही याच संदर्भात स्मरणीय होय. सुमारे एक वॅट शक्तीचे त्याचे ट्रान्सपाँडर २०१४ पर्यंत हौशी मंडळींना उपलब्ध होते. कक्षेतील एका वॅटशी जमिनीवरच्या एका-दोन वॅटने संवाद साधता येई.

९. मराठी परंपरेतील एक दुवा

छोट्या तांत्रिक वर्तुळातून निघालेले पत्र मोठे कार्य करू शकते, याचा पुरावा शोधण्यासाठी सांगली जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, आजच्या सांगली जिल्ह्यातील पलूस परिसरात, किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी तेथून 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. नांगर, चरक आणि पंप यांच्या कारखान्याची माहिती देणारे हे घरगुती पत्र होते. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिकात रूपांतर झाले आणि त्याच्या जोडीला 'स्त्री' व 'मनोहर' ही मासिके निघाली. मराठी मध्यमवर्गाच्या विचारविश्वावर या मासिकांचा ठसा सर्वश्रुत आहे.

१९४७ मध्ये सुरू झालेले सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० चे कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९१९ चे विलिंग्डन महाविद्यालय आणि त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापिलेली रयत शिक्षण संस्था यांमुळे या परिसरात तंत्रशिक्षण आणि श्रमप्रतिष्ठा या दोहोंची परंपरा आहे. 'कमवा आणि शिका' हे सूत्र रुजलेल्या भूमीत 'जुळवा आणि शिका' हे सूत्र परके वाटण्याचे कारण नाही.

१०. मर्यादा

या छंदाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकणे उचित होणार नाही. पहिली मर्यादा गोंगाटाची. निकृष्ट एलईडी दिवे, चार्जर आणि सौर यंत्रणेतील परिवर्तक यांमधून निघणारा विद्युत्‌ गोंगाट शहरात इतका वाढला आहे की दुर्बल संदेश त्यात बुडून जातो. दुसरी मर्यादा सौरचक्राची. २०२४ च्या सुमारास शिखर गाठलेले चक्र उतरणीस लागल्यावर उच्च पट्ट्यांवरील अल्पशक्तीची मजा कमी होत जाईल. तिसरी मर्यादा अशी की तयार चिनी संच अत्यल्प किमतीत मिळू लागल्याने जुळविण्याचा आग्रह सैल होत आहे. अर्धा वॅट वापरला परंतु आतील एकही घटक ओळखला नाही, तर छंदाचा गाभा हरवतो.

चौथी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. पुराच्या वेळी जीव धोक्यात असताना पाच वॅटचा अट्टहास धरणे हा अविवेक ठरेल. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीचे तत्त्व समाधानकारक सेवेसाठी आवश्यक तेवढीच शक्ती वापरण्याचे आहे. आवश्यकतेपेक्षा कमी वापरण्याचे नव्हे. तरीही कमी शक्तीवर संपर्क साधण्याचा सराव असलेली व्यक्ती, बॅटरी संपत आली असताना, इतरांपेक्षा अधिक काळ उपयोगी पडते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली आणि संच प्रक्षेपणात १ अँपिअर व ग्रहणात ०.२ अँपिअर घेतो असे मानले, तर एक चतुर्थांश वेळ प्रक्षेपण धरून सरासरी ०.४ अँपिअर होते. कागदावर हा हिशेब १७ तासांचा आहे. बॅटरी पूर्ण रिकामी करावयाची नसल्याने प्रत्यक्षात दहा-बारा तास धरावेत. शंभर वॅटचा संच त्याच बॅटरीवर तासाभरातच मान टाकण्याची शक्यता अधिक.

११. महाविद्यालयांसाठी काही सूचना

पहिली पायरी श्रवणाची असावी. परवानाधारक मार्गदर्शकाच्या सान्निध्यात विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा ७ मेगाहर्ट्झवरील संभाषणे ऐकून कोणत्या वेळी कोणते गाव ऐकू आले याची नोंदवही ठेवावी. वर्षभराच्या नोंदीतून आयनांबराच्या वर्तनाचा छोटा प्रकल्प सहज उभा राहतो. भूगोल आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विभागांना तो उपयुक्त आहे.

दुसरी पायरी परवान्याची. किमान एका प्राध्यापकाने आणि काही विद्यार्थ्यांनी परीक्षा द्यावी. परवान्याच्या प्रक्रियेस वेळ लागतो. म्हणून ती प्रथम वर्षातच सुरू करणे श्रेयस्कर, अन्यथा संकेतनाम हाती येईपर्यंत विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो.

तिसरी पायरी आंतरमहाविद्यालयीन संपर्काची. सातारा, कराड आणि सांगली या तीन ठिकाणी कमी उंचीचे डायपोल बांधून ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी अल्पशक्तीवर भेटण्याचा प्रघात पाडावा. पावसाळ्यापूर्वी एकदा वीज बंद करून केवळ बॅटरीवर ही भेट घडवावी. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडला पाण्याची वाढ आधी दिसते आणि सांगलीला ती नंतर जाणवते. या दोन गावांमध्ये स्वतंत्र, मनोऱ्यांवर न विसंबणारा संपर्कमार्ग असणे ही केवळ हौसेची बाब नाही.

चौथी पायरी नियतकालिकाची. प्रारंभी भित्तिपत्रक, नंतर आठ पानांचे त्रैमासिक. त्यात मराठीतून मंडले, फसलेले प्रयोग, वाचकांच्या दुरुस्त्या आणि नोंदवहीतील निवडक नोंदी असाव्यात. मराठीत या विषयाची परिभाषा प्रयोगातूनच घडेल. 'आयनांबर' हा शब्द कोशात आहे, परंतु तो विद्यार्थ्याच्या ओठी येण्यासाठी त्याने एखाद्या सायंकाळी सांगलीचा आवाज विरत जाऊन दिल्लीचा आवाज उमटताना ऐकलेला असावा लागतो.

१२. निष्कर्ष

अल्पशक्ती हौशी रेडिओ हा साधनांच्या विपुलतेचा नव्हे, तर साधनांच्या जाणत्या वापराचा छंद आहे. शक्ती वीसपट घटविली तरी संदेश दोनच पायऱ्या खाली येतो, हे त्याचे भौतिक सत्य. हाताने जुळविलेल्या संचातून आलेले पहिले उत्तर आयुष्यभर लक्षात राहते, हे त्याचे मानसिक सत्य. आणि एकाने केलेला प्रयोग छोट्या नियतकालिकाच्या पानावरून दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन सुधारून परत येतो, हे त्याचे सामाजिक सत्य होय. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांकडे डोंगर आहेत, अभियांत्रिकीची परंपरा आहे, छापील शब्दाचा वारसा आहे आणि दर काही वर्षांनी दाराशी येणारा पूरही आहे. वीस मीटर तार, एक बॅटरी आणि आठ पानांचा अंक एवढ्या भांडवलावर या साऱ्यांची सांगड घालता येणे शक्य आहे.